घरच्या सिम्युलेटरवर उड्डाण आखायचं कसं: सुरुवात नागपूर-गोंदियापासून

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात. रात्री जेवणं आटोपून अंगणात खाट टाकली की डोक्यावरून उत्तर-दक्षिण विमानं जाताना दिसतात. दिल्लीकडून येणारी, हैदराबाद, बंगळुरू, चेन्नईकडे जाणारी. माझा भाचा बारावीत आहे. मागच्या दिवाळीत त्याने जुन्या कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर विमान उडवायचा प्रोग्राम, टाकला आणि आठवड्याभरात नागपूरच्या धावपट्टीवरून विमान उचलायला शिकला. मग एका रात्री माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मामा, उडते तर, पण कुठी जाऊन राहिलं तेच समजत नाही."

सिम्युलेटर घेणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच येऊन थांबतो. विमान वर नेता येतं, पण पुढे किती उंचीवर जायचं, कोणती दिशा धरायची, इंधन किती घ्यायचं, उतरायला कुठून लागायचं, हे विमानात बसल्यावर सुचत नाही. ते जमिनीवरच ठरवून घ्यावं लागतं. त्यालाच फ्लाइट प्लॅनिंग म्हणतात आणि त्यासाठी लागणारं चांगलं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. भाच्याला समजावता समजावता जे माझ्या नीट ध्यानात आलं, ते इथे मांडतो.

माझं एक ठाम मत आहे, ते आधी सांगतो. पहिलं उड्डाण लहान घ्यावं, आपल्या ओळखीच्या मुलखातलं घ्यावं आणि त्याचा हिशोब वहीत पेनाने करावा. सॉफ्टवेअर दोन मिनिटांत तयार प्लॅन हातात देतं, पण ते आकडे कुठून आले हे माहीत नसेल तर त्यातली चूक कधीच पकडता येत नाही. आणखी एक गोष्ट: इथलं सगळं फक्त घरच्या पडद्यासाठी आहे. खऱ्या विमानासाठी खरे, अधिकृत नकाशेच लागतात.

कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं

ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली नकाशाची. त्यात लिटल नॅवमॅप सगळ्यात उपयोगी. ते फुकट आणि मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. ते तुमच्या सिम्युलेटरमधला विमानतळांचा आणि मार्गांचा डेटा वाचतं आणि नकाशावर मांडतं. आपण नकाशावर रेघ ओढायची, हवी तिथे वाकवायची आणि प्लॅन सिम्युलेटरला द्यायचा. उडताना आपलं विमान त्याच नकाशावर सरकताना दिसतं.

दुसरी जात डिस्पॅचची. विमान कंपनीत वैमानिकाला उड्डाणाआधी जो कागद तयार करून देतात, तसा कागद बनवून देणारी. यात सिमब्रीफ हे नाव घरोघरी पोचलं आहे. ते आता नेव्हिग्राफ या कंपनीकडे आहे, ब्राउझरमध्ये चालतं आणि खातं उघडायला पैसे लागत नाहीत. मोठ्या प्रवासी विमानांसाठी हे उत्तम.

तिसरी जात सिम्युलेटरच्या पोटातच असते. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, एक्स-प्लेन, फ्लाइटगिअर, सगळ्यांत काही ना काही सोय आहे. २०२४ च्या मायक्रोसॉफ्ट आवृत्तीला तर ब्राउझरमध्ये उघडणारा वेगळा प्लॅनरही आहे. चालतात, पण शिकण्यासाठी मला ते अपुरे वाटतात, कारण बराचसा हिशोब ते आतल्या आत करून टाकतात.

खेड्यात राहणाऱ्याने लिटल नॅवमॅपपासून सुरुवात करावी, असं मी म्हणेन. एकदा डेटा भरून घेतला की इंटरनेट गेलं तरी मार्ग आखता येतो. पाठीमागचं नकाशाचं चित्र तेवढं इंटरनेटवरून येतं, पण एकदा पाहिलेला भाग ते साठवून ठेवतं. लाइट आणि नेट दोन्हीचा भरवसा नसलेल्या घरात याचं मोल फार आहे.

आधी थोडी भाषा

मार्गाची ओळ पहिल्यांदा पाहिली की नुसती अक्षरं आणि आकडे दिसतात. पण एसटीची पाटी ज्याला वाचता येते त्याला ती ओळ वाचता येते. "नागपूर-चंद्रपूर व्हाया जाम, वरोरा" यात सुटण्याचं गाव आहे, पोचण्याचं गाव आहे आणि मधले फाटे आहेत. जामला रस्ता फुटतो, एक हिंगणघाटकडे आणि एक वरोऱ्याकडे, म्हणून पाटीवर जाम लिहावं लागतं. आकाशातही तसंच. मधल्या फाट्यांना वेपॉइंट म्हणतात. त्यांची नावं बहुधा पाच अक्षरांची, उच्चारता येतील अशी बनवलेली असतात. दोन फाट्यांमधल्या ठरलेल्या वाटेला एअरवे म्हणतात आणि तिला आपल्या महामार्गासारखा नंबर असतो, एक-दोन अक्षरं आणि आकडा. ठरलेली वाट सोडून सरळ जायचं असेल तर डीसीटी, म्हणजे डायरेक्ट. शहरातून बाहेर काढणाऱ्या ठरीव वाटेला सिड म्हणतात आणि शहरात आत घेणारीला स्टार.

विमानतळांना चार अक्षरी कोड असतात. नागपूर व्हीएएनपी, मुंबई व्हीएबीबी, गोंदिया व्हीएजीडी, अकोला व्हीएएके, हैदराबाद व्हीओएचएस, दिल्ली व्हीआयडीपी. पहिली दोन अक्षरं भाग सांगतात: व्हीए पश्चिमेकडचा, व्हीओ दक्षिणेकडचा, व्हीआय उत्तरेकडचा, व्हीई पूर्वेकडचा. तिकिटावर जो एनएजी असा तीन अक्षरी कोड असतो तो वेगळा, तो प्रवाशांसाठी. सॉफ्टवेअरमध्ये नेहमी चार अक्षरी टाकायचा.

वेळ सगळीकडे झुलू असते, म्हणजे ग्रिनिचची. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. सकाळी साडेपाचला आपण उठतो तेव्हा झुलू शून्य वाजलेले असतात. अंतर नॉटिकल मैलात मोजतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. तासाला एक नॉटिकल मैल म्हणजे एक नॉट. उंची फुटात. एवढं पुरे, बाकीचे शब्द वापरता वापरता येतात.

वही घ्या: नागपूर ते गोंदिया

नागपूर निवडण्याचं कारण नुसतं जवळचं म्हणून नाही. देशाच्या मधोमध असल्यामुळे १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमानं मध्यरात्री नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या अदलाबदल करत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. तिथून कोणत्याही दिशेला उड्डाण आखा, सरावाला चांगलं जातं. आणि गोंदियाचा बिरसी विमानतळ म्हणजे वैमानिक प्रशिक्षणाची जागा, शिकाऊ विमानं तिथे रोजचीच.

विमान सेस्ना १७२ घेऊ, एका इंजिनाचं, चार माणसांचं लहान विमान. जवळपास प्रत्येक सिम्युलेटरमध्ये ते असतं.

लिटल नॅवमॅपमध्ये शोधाच्या चौकटीत व्हीएएनपी टाका, उजवं बटण दाबून ते सुटण्याचं ठिकाण करा, मग व्हीएजीडी पोचण्याचं. नकाशावर सरळ रेघ येईल. तिची लांबी साधारण ७५ नॉटिकल मैल आणि दिशा साधारण ७० अंश, म्हणजे पूर्व-ईशान्य. आता ही रेघ जमिनीवरून कुठून जाते ते पाहा. मौद्याच्या वीज केंद्राजवळून, तुमसरजवळून, मग वैनगंगा ओलांडून तिरोड्यावरून आणि पुढे गोंदिया. तुमसर रोडपासून गोंदियापर्यंत हावड्याची रेल्वेलाइन जवळपास सोबतीला आहे. मौदा आणि तिरोडा दोन्हीकडे औष्णिक वीज केंद्रांच्या उंच चिमण्या आहेत, खुणेसाठी याहून चांगलं काय हवं! सिम्युलेटरमध्ये चिमण्या प्रत्येक वेळी जागेवर असतीलच असं नाही, पण नदी आणि रेल्वेलाइन सहसा सापडतात.

या खुणांवर उजवं बटण दाबून त्या प्लॅनमध्ये घाला. मग वहीत चार ओळी लिहा. नागपूर ते मौदा २० मैल, मौदा ते तुमसर २२, तुमसर ते तिरोडा ११, तिरोडा ते गोंदिया २२. सेस्नाचा वेग ११० नॉट धरला तर मिनिटं येतात ११, १२, ६ आणि १२. एकूण ४१. चढायला वेग कमी पडतो म्हणून ४५ मिनिटं धरू.

भाच्याने इथे विचारलं, "वारा?" बरोबर विचारलं. समोरून २० नॉटचा वारा असेल तर विमान हवेत ११० नेच चाललेलं असतं, पण जमिनीवर मात्र ९० नेच सरकतं. मग ४१ ची ४९-५० मिनिटं होतात. बाजूचा वारा असेल तर नाक थोडं वाऱ्याकडे वळवून जावं लागतं, नाहीतर रेघेवरून सरकत सरकत भलतीकडे जाता. पूर आलेल्या नदीत डोंगा समोरच्या काठावर नेमक्या घाटाला लावायचा तर नावाडी त्याचं तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला धरतो, तेच हे. लिटल नॅवमॅपमध्ये वारा हाताने भरता येतो. भरून पाहा आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा.

उंची कशी ठरते? पूर्वेकडे जाणाऱ्याने, म्हणजे ० ते १७९ अंशांच्या दिशेने, विषम हजार घ्यायचे, पश्चिमेकडे जाणाऱ्याने सम हजार. डोळ्यांनी बघत उडणारा असेल तर त्यात ५०० मिळवायचे. समोरासमोर येणारी विमानं एकाच उंचीवर येऊ नयेत म्हणून हा नियम. आपली दिशा ७० अंश, म्हणून ३,५०० किंवा ५,५०० फूट. दिशा होकायंत्राची धरायची असते, पण आपल्या विदर्भात खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, ती कटकट इथे वाचते.

आता इंधन. इथे मी जरा थांबणार आहे, कारण अख्ख्या नियोजनाचा जीव इथे आहे.

सेस्ना तासाला साधारण ३४ लिटर पितं. ४५ मिनिटांना २६ लिटर. पहिल्यांदा भाच्याने वहीत २६ च लिहिले आणि खाली दोन रेघा मारून मोकळा झाला. मी म्हटलं, गोंदियाला पोचलास आणि धावपट्टीवर दुसरं विमान बंद पडून उभं असलं तर? तो गप्प. मग आम्ही एकेक ओळ वाढवत गेलो. इंजिन सुरू करून धावपट्टीपर्यंत जायला ५ लिटर. अंदाज चुकला तर म्हणून प्रवासाच्या इंधनाच्या ५ टक्के, ते २ लिटर धरले. गोंदियाला उतरताच आलं नाही तर नागपूरला परत यायला २६. आणि सगळं झाल्यावरही टाकीत शेवटची ४५ मिनिटं शिल्लक राहिली पाहिजेत, ते आणखी २६. ही शेवटची राखीव टाकी मोडायचीच नाही, असं धरून चालायचं. बेरीज ८५ लिटर.

पुन्हा पाहा. गोंदियाला जायला लागतात २६ आणि घ्यायचे ८५. टाकीतलं बहुतेक इंधन जे घडू नये त्यासाठी आहे. भाच्याने वहीत त्या ८५ भोवती गोल केला आणि बराच वेळ बघत बसला. त्याला त्या क्षणी समजलं की प्लॅन म्हणजे नकाशावरची रेघ नव्हे.

मग टाकी फुल्लच का करू नये? सेस्ना १७२ एस मध्ये सुमारे २०० लिटर मावतात. विमानाच्या पेट्रोलचं वजन लिटरला ०.७२ किलो, म्हणजे फुल्ल टाकी १४४ किलोची. या विमानाचं उडतानाचं जास्तीत जास्त वजन १,१५७ किलो आणि रिकामं वजन साधारण ७६०. उरले ३९७. त्यात ७५ किलोची चार माणसं बसवली की ३०० गेले आणि ९७ राहिले. फुल्ल टाकी बसतच नाही. ८५ लिटर घेतले तर त्यांचं वजन ६१ किलो, आरामात बसतं. टाकी, माणसं आणि सामान हे तिघं एकाच वजनातून वाटा मागतात. सॉफ्टवेअरमध्ये पेलोड, झीएफडब्ल्यू, टीओडब्ल्यू असे जे रकाने दिसतात ते दुसरं काही नाही, हीच वाटणी आहे. पेलोड म्हणजे माणसं आणि सामान, झीएफडब्ल्यू म्हणजे इंधन सोडून विमानाचं भरलेलं वजन, टीओडब्ल्यू म्हणजे धावपट्टी सोडतानाचं वजन.

मे महिन्यातलं नागपूर

हवामान विमानतळावरून एका ओळीत येतं, तिला मेटार म्हणतात. समजा, अशी ओळ आली: व्हीएएनपी १८०९००झेड ३१०१२केटी ५००० एचझेड एफईडब्ल्यू०३० ४४/०८ क्यू१००२.

तुकडे पाडू. १८ तारीख, झुलू ९ वाजता, म्हणजे आपले दुपारचे अडीच. वारा ३१० अंशांकडून, १२ नॉट. दिसतं ५,००० मीटरपर्यंत, धुरकट हवा. ३,००० फुटांवर तुरळक ढग. तापमान ४४, दवबिंदू ८. हवेचा दाब १००२ हेक्टोपास्कल. नागपूरची धावपट्टी १४/३२ आहे, म्हणजे एका टोकाने १४० अंशांकडे तोंड आणि दुसऱ्या टोकाने ३२० कडे. विमान नेहमी वाऱ्याच्या तोंडावर उचलायचं, वारा ३१० कडून, म्हणजे आज ३२. एका ओळीतून एवढं सगळं मिळालं.

पण खरी गोम ४४ या आकड्यात आहे. नागपूर विमानतळ समुद्रसपाटीपासून १,०३३ फुटांवर. गरम हवा विरळ असते, विरळ हवेत पंख कमी उचलतात आणि इंजिनही दमतं. विमानाला ही हवा किती उंचीवरच्या हवेसारखी लागते, त्याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. ढोबळ हिशोब असा: त्या उंचीवर प्रमाण मानलेलं तापमान साधारण १३ अंश, आपलं ४४, फरक ३१. प्रत्येक अंशाला १२० फूट, म्हणजे ३,७२० फूट. दाब कमी आहे म्हणून आणखी ३०० च्या आसपास. मूळच्या १,०३३ मध्ये मिळवले की पाच हजारांच्या वर जातं.

चिखलदरा साधारण ३,६०० फुटांवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई ५,४०० फुटांवर. मेच्या दुपारी सोनेगावला उभं असलेलं विमान चिखलदऱ्याच्याही वर, जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभं असल्यासारखं उडतं. धावपट्टी जास्त लागते, चढण मंद होते. भाच्याने एकदा हिवाळ्यातली सकाळ लावून आणि एकदा मेची दुपार लावून, तेवढंच वजन घेऊन उड्डाण केलं. दुसऱ्या वेळी विमान झाडांच्या शेंड्यांवरून रडतखडत गेलं. "बाप्पा, उचलूनच नाही राहिलं," म्हणाला. सिम्युलेटरमध्ये तापमान हाताने बदलता येतं, हा प्रयोग प्रत्येकाने करावा. आपल्या मुलखातल्या उन्हाचा असा धडा दुसरीकडे मिळणार नाही.

आता सिमब्रीफ: नागपूर ते मुंबई

वहीतलं एक उड्डाण पचलं की मग सिमब्रीफ उघडा. नवीन फ्लाइटमध्ये व्हीएएनपी, व्हीएबीबी आणि विमान ए३२०, म्हणजे मोठं प्रवासी जेट, टाका, वेळ झुलूत भरा. मार्ग ते स्वतः सुचवतं. पर्यायी विमानतळ, प्रवासी, सामान भरा आणि जनरेटवर दाबा. काही सेकंदांत ओएफपी नावाचा लांबलचक कागद समोर येतो. पहिल्यांदा पाहिल्यावर छाती दडपते, पण तुम्ही गोंदियाचा हिशोब केलेला आहे, तेच रकाने इथे मोठ्या आकड्यांत आहेत.

ढोबळ चित्र असं. सरळ रेषेत अंतर सुमारे ३७० नॉटिकल मैल, हवेतला वेळ सव्वा तासाच्या आसपास. ए३२० तासाला अडीच टनांच्या घरात इंधन पितं. प्रवासाला ३,००० किलो धरा, पाच टक्क्यांचे १५०, पर्यायी म्हणून अहमदाबाद ठेवलं तर तिथे जायला साधारण २,०००, शेवटची राखीव अर्ध्या तासाची १,१५० आणि जमिनीवर फिरायला २००. झाले ६,५००. जेट विमानाला शेवटची राखीव ३० मिनिटांची, पिस्टन इंजिनाच्या सेस्नाला ४५ ची, एवढाच फरक. इथेही निम्म्याहून अधिक इंधन मुंबईला जाण्यासाठी नाहीच. तुमच्या कागदावर आकडे वेगळे येतील, वजन आणि वाऱ्याप्रमाणे येणारच, पण यातला एखादा रकाना शून्य दिसला तर काहीतरी भरायचं राहिलं असं समजा.

जाताना दिशा पश्चिमेची, म्हणून उंची सम: ३४,००० किंवा ३६,००० फूट. परतताना ३५,००० सारखी विषम. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचे जोरदार वारे असतात, म्हणून मुंबईला जायला जास्त वेळ लागतो आणि नागपूरला परतताना विमान वाऱ्यासोबत पळत येतं. जानेवारीत दोन्ही बाजूंचे प्लॅन काढून शेजारी शेजारी ठेवा, फरक उघडा दिसेल.

कॉस्ट इंडेक्स नावाच्या रकान्याला घाबरू नका. वेळ महाग की इंधन महाग, याचं ते गुणोत्तर आहे. आकडा लहान तर विमान सावकाश जाऊन इंधन वाचवतं, मोठा तर घाई करतं. सुरुवातीला जे भरून येतं तेच राहू द्या.

उतरायला कुठून लागायचं, हे मात्र स्वतः काढायला शिका. जेवढे हजार फूट खाली यायचं, त्याच्या तिप्पट मैल आधी सुरुवात. ३४ हजारांना ३४ गुणिले ३, म्हणजे १०२ नॉटिकल मैल, सुमारे १९० किलोमीटर. नकाशावर मुंबईपासून मागे मोजत या. बोट शिर्डीच्या आसपास टेकतं. विमान मुंबईत उतरायला शिर्डीवरच लागतं, हे पाहून आमच्या घरात सगळ्यांनाच नवल वाटलं. माझी बहीण शिर्डीला दोनदा जाऊन आली आहे, तिला तर ते फारच आवडलं.

कागद तयार झाला की तो विमानात पोचवायचा. हल्ली बऱ्याच चांगल्या विमानांत टॅबलेट असतो, त्यात आपला सिमब्रीफचा आयडी एकदा भरून ठेवला की प्लॅन ओढून घेता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरसाठी फ्लायबायवायरचं फुकट ए३२० आहे, त्यात विमानातल्या कॉम्प्युटरच्या इनिट पानावर इनिट रिक्वेस्टचं बटण दाबलं की मार्ग आपोआप भरतो. बाकी विमानांसाठी फाइल उतरवून घ्यायची आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकायची. मायक्रोसॉफ्टची फाइल पीएलएन, एक्स-प्लेनची एफएमएस. एक्स-प्लेनमध्ये ती आउटपुट फोल्डरच्या आतल्या एफएमएस प्लॅन्समध्ये जाते. एक लक्षात असू द्या: मार्ग पोचला म्हणून इंधन आणि वजन पोचलं असं होत नाही, ते सिम्युलेटरमध्ये कागदाप्रमाणे वेगळं भरावं लागतं. आणि सिमब्रीफमधलं विमान आणि तुमच्या सिम्युलेटरमधलं विमान यांची रिकामी वजनं जुळतात का, तेही तपासा.

फाटा सापडत नाही तेव्हा

नवशिक्याला सगळ्यात जास्त रडवणारी अडचण ही. भाच्याने मोठ्या हौसेने कागद काढला, मार्ग हाताने भरायला बसला आणि तिसऱ्याच नावाला विमानाच्या कॉम्प्युटरने नकार दिला. असा पॉइंटच नाही म्हणे. त्याने चारदा स्पेलिंग तपासलं, मग कॉम्प्युटर बंद करून झोपायला गेला. चूक त्याची नव्हती.

आकाशातले मार्ग आणि फाटे जगभर दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी, अद्ययावत होतात. या चक्राला एअरॅक म्हणतात. त्याचा नंबर चार आकडी असतो: २५०१ म्हणजे २०२५ चं पहिलं चक्र. सिमब्रीफच्या फुकट खात्याला जुनं चक्र मिळतं, ताजं हवं तर नेव्हिग्राफची वर्गणी भरावी लागते. तुमच्या सिम्युलेटरमधला डेटा तिसऱ्याच तारखेचा असू शकतो. मग एकाकडे असलेला फाटा दुसऱ्याकडे नसतो. गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेत यंदाची पोळ्याची तारीख शोधावी, तसा प्रकार.

उपाय साधा आहे. न सापडणारा फाटा गाळा आणि त्याच्या मागच्या फाट्यावरून पुढच्याला डायरेक्ट जा. स्टार सापडत नसेल तर ती प्लॅनमधून काढा आणि विमानाच्या स्वतःच्या यादीत जी आहे ती निवडा. घरच्या सरावाला एवढं पुरतं, लगेच वर्गणीच्या मागे लागू नका. व्हॅटसिम किंवा आयव्हीएओ या जाळ्यांवर उडायला लागलात, जिथे खरी माणसं कंट्रोलर म्हणून बोलतात, तेव्हा ताज्या डेटाचा विचार करा.

गावातल्या इंटरनेटबद्दल दोन शब्द. मायक्रोसॉफ्टचा सिम्युलेटर जमिनीचं चित्र उडता उडता इंटरनेटवरून ओढतो, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रोजचा डेटा बघता बघता संपतो. एक्स-प्लेनची मूळ सीनरी डिस्कवर असते. फ्लाइटगिअर पूर्ण फुकट आहे आणि जुन्या मशीनवरही निभावतं. सिमब्रीफचा कागद नेट असताना पीडीएफ करून ठेवा. लाइट गेली आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडला तरी वहीतल्या वेळा पाहून उड्डाण तिथूनच पुन्हा सुरू करता येतं. आम्ही हे तिरोड्याच्या अलीकडून दोनदा केलं आहे.

परवा रात्री लाइट नव्हती, म्हणून आम्ही दोघं अंगणातच होतो. वरून एक विमान गेलं, दिवे लुकलुकत. भाच्याने फोनवर पाहिलं, दिल्लीहून हैदराबाद, ३५ हजार फूट. बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "पस्तीस तिया एकशे पाच मैल. मामा, हे आत्ता नाही उतरत. तेलंगणातल्या निर्मलजवळ गेल्यावर लागन खाली याले." मग फोन खिशात घातला आणि दक्षिणेकडे तो दिवा दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिला.